जुना पॅड नव्या कन्सोलवर चालू द्यायला नक्की कुणाची हरकत आहे?

डावाअंगठा

घरी सोनीचा पीएस४ (प्लेस्टेशन ४) हा गेम कन्सोल आहे, पीएस५ घ्यायचं आता जवळजवळ ठरलंय. आमच्याकडे एकट्याने खेळणारं कुणी नाही. चौघं सोफ्यावर, स्क्रीनचे चार तुकडे, आणि "तू माझ्या तुकड्यात बघतोस" म्हणून भांडणं. त्यामुळे ड्युअलशॉक ४, म्हणजे पीएस४चे पॅड (हातात धरायचे कंट्रोलर), चार जमलेत आणि चारही धडधाकट आहेत. एकाच्या अंगठ्याने फिरवायच्या स्टिकचं रबर झिजलंय, पण तो माझा आहे आणि मला तो तसाच आवडतो.

नव्या कन्सोलच्या खोक्यात पॅड येणार एक. बाकीच्या तिघांचं काय, म्हणून वाचत बसलो आणि चक्रावलो. ड्युअलशॉक ४ पीएस५ला जोडता येतो. त्यावर पीएस४चे गेम व्यवस्थित चालतात. पीएस५चा गेम लावला की तोच पॅड, तीच बटणं, आणि कन्सोल म्हणतो चालणार नाही. सोनीने हे लपवलेलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, कन्सोल यायच्या आधीच सांगून टाकलं होतं की पीएस५च्या गेमांनी नव्या पॅडच्या क्षमता वापराव्यात. पण त्याच वेळी असंही सांगितलं की परवान्याची रेसिंग व्हील, आर्केड स्टिक आणि फ्लाइट स्टिक, गेमने पाठिंबा दिलेला असेल तर, पीएस५च्या गेमांतही चालतील. नव्या पॅडचे ट्रिगर (बोटाने ओढायची मागची बटणं) गेमप्रमाणे ताठ होतात. आर्केड स्टिकला, म्हणजे दांडा आणि बटणांच्या खोक्याला, कुठे आलेत ताठ होणारे ट्रिगर? ती चालते, पॅड नाही.

कळस म्हणजे हे: कॉम्प्युटरवर रिमोट प्ले (कन्सोलवरचा गेम दुसऱ्या स्क्रीनवर खेळायची सोनीची सोय) लावून, त्या कॉम्प्युटरला ड्युअलशॉक ४ जोडून पीएस५चा गेम खेळता येतो. कन्सोल तोच, गेम तोच, पॅड तोच. फक्त मधे एक कॉम्प्युटर हवा.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस त्याच वर्षी आले, आणि त्याआधीच्या एक्सबॉक्स वनचे पॅड त्यांच्यावर नव्या गेमांसकट चालतात. म्हणजे अशक्य काही नाही.

माझं मत साधं आहे. कोणता पॅड पुरेल हे त्या त्या गेमला कळतं, कन्सोलला कळत नाही. मग कन्सोलने दारातच का अडवायचं? उलट मत असेल तर ऐकायला आवडेल, पण "कंपनीला पॅड विकायचेत" एवढंच लिहू नका. ते मलाही सुचतं.

घाईतला

नवे पॅड घ्या, विषय संपवा.

फ्रेममोजणारा

मी अडवण्याच्या बाजूचा आहे, आणि कुणाची वकिली म्हणून नाही.

समोरच्याच्या हातात काय आहे हे गेम बनवणाऱ्याला ठामपणे माहीत असावं लागतं. "काहींकडे असेल, काहींकडे नसेल" अशी सोय कुणी मनापासून वापरत नाही, शेवटी वरवर शिंपडतात. कायनेक्ट आठवा, हातवारे आणि आवाज ओळखणारा एक्सबॉक्सचा कॅमेरा. २०१३चा एक्सबॉक्स वन आला तेव्हा तो प्रत्येक खोक्यात होता. जून २०१४ पासून कायनेक्टशिवाय कन्सोल मिळू लागला, आणि मग त्याच्यासाठी कोण कशाला डोकं खपवेल? २०१७ मध्ये उत्पादनच बंद झालं. तो चांगला होता की वाईट हा वेगळा वाद. मुद्दा हा की ज्या दिवशी तो ऐच्छिक झाला, त्याच दिवशी तो संपला.

आता ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५चा पॅड, घ्या. जुन्या पॅडमध्ये एका बाजूला जड वजन लावलेल्या दोन मोटरी असतात, त्या फिरल्या की घरघरतात. नव्यात स्पीकरमध्ये असते तशी कॉइल आहे. तिला नुसतं "जोरात" किंवा "हळू" नाही, पूर्ण लहर पाठवता येते. म्हणून वाळूवरचं चालणं आणि काचेवरचं घसरणं हाताला वेगळं लागतं. ट्रिगर मधेच अडतो, सुटतो, उलट ढकलतो. कन्सोलबरोबरच मिळणारा ॲस्ट्रोज प्लेरूम अख्खा यावर उभा आहे. तो जुन्या पॅडवर चालवायचा म्हणजे काय करायचं?

पहिल्या दिवसापासून जुना पॅड चालू दिला असता, तर या सगळ्याचा कायनेक्ट झाला असता.

तांब्याचीतार

मी जुने पॅड उघडून दुरुस्त करतो. धंदा नाही, खाज आहे. "तंत्र वेगळं, म्हणून चालत नाही" ही सबब कधी खरी असते आणि कधी नसते, तेवढं सांगतो.

एके काळी प्रश्नच नव्हता. अटारी २६००चा (१९७७) नऊ पिनांचा सॉकेट पुढे कमोडोर ६४ने घेतला, सेगा मास्टर सिस्टमने घेतला, मेगा ड्राइव्हनेही घेतला. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये डोकं असं काही नव्हतंच. दांडा डावीकडे केला की एक तार ग्राउंडला टेकायची, बस. पुढे बटणं पिनांपेक्षा जास्त झाली, पॅडमध्ये चिप आली, आणि प्रत्येकाची बोली वेगळी झाली.

पीएस१ आणि पीएस२चा सॉकेट एकच. पीएस१चा पॅड पीएस२ला लागायचा, आणि कोणत्या गेमला तो पुरेल हे गेम ठरवायचा. त्याआधी पीएस१वरही हेच होतं. ड्युअलशॉक १९९७ला आला, तोवर घरोघरी स्टिक नसलेले साधे पॅड पडलेले. गेम दोन्हींवर चालायचे. मग १९९९ मध्ये एप एस्केप आला आणि त्याने स्पष्ट सांगितलं, दोन स्टिक नसतील तर खेळता येणार नाही. लोकांनी ऐकलं. नव्या पॅडचं काही बिघडलं नाही, पुढे सगळ्या जगाचे पॅड तसेच झाले.

सबब खरी होती ती एक्सबॉक्स ३६० ते एक्सबॉक्स वन या उडीत. ३६०च्या बिनतारी पॅडचा रेडिओ मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा होता, वनला त्यांनी दुसरा बसवला. जुना पॅड ऐकायचा तर कन्सोलमध्ये जुना रेडिओही ठेवावा लागला असता. (तारेच्या ३६० पॅडला ही सबब लागू नाही, तो यूएसबीवरच चालायचा. तिथे इच्छाच नव्हती असं मी म्हणेन.)

पीएस५चं तसं नाही. ड्युअलशॉक ४ ब्लूटूथवर, ड्युअलसेन्सही ब्लूटूथवर. पीएस५ जुन्या पॅडचं बोलणं ऐकतो, त्याला समजतं, पीएस४च्या गेमपर्यंत पोचवतो. घोडं तारेत अडलेलं नाही, नियमात अडलंय.

मात्र एक गोष्ट सगळे विसरतात. नवा पॅड जुन्याचं सगळं करेलच असं नसतं. पीएस२च्या पॅडची बटणं किती जोरात दाबलीत हे ओळखायची. मेटल गिअर सॉलिड २ मध्ये बटण हळूच सोडलं की गोळी न झाडता बंदूक खाली येते. ड्युअलशॉक ४ आला तेव्हा तोंडावरच्या बटणांतला तो गुण गेला. म्हणजे जुना पॅड नव्या कन्सोलवर हवा, याचं कारण काटकसर एवढंच नाही. काही जुने गेम जुन्या पॅडशिवाय नीट खेळताच येत नाहीत.

अवांतर: स्टिक ड्रिफ्टवर (हात न लावता स्टिक सरकल्यासारखी वागते, त्यावर) आता चुंबकाच्या सेन्सरचे पॅड नवा शोध म्हणून मिरवतात. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या पॅडमध्ये तेच होतं, गेल्या शतकात. असो.

काठीवाला

लढाईचे गेम खेळणाऱ्यांनी हा तंटा आधीच सोडवलाय. आमची आर्केड स्टिक म्हणजे जड खोकं, आपल्या हाताला बसतील तशी बटणं बदललेली. कन्सोल बदलला म्हणून ती कुणी टाकत नाही. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ पीएस४वर आला तो पीएस३च्या स्टिकना पाठिंबा देऊनच. स्ट्रीट फायटर ६ पीएस५वर पीएस४च्या स्टिक घेतो. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं आणि झालं. तेव्हा "गेमने ठरवावं" ही काही हवेतली कल्पना नाही.

फक्त मायक्रोसॉफ्टला फार डोक्यावर घेऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी विनापरवाना ॲक्सेसरीज एक्सबॉक्सवर अडवायला सुरुवात केली. अडॅप्टर लावून नेम आपोआप धरणारे फसवे खेळाडू असतात हे खरं, पण त्यांच्याबरोबर आमच्यातल्या घरी जुळवलेल्या स्टिकही लटकल्या.

एकहाती

माझ्या उजव्या हाताची पकड कमजोर आहे. ट्रिगरवर चिकटवलेली पट्टी, पॅडला टेकू, बटणांची उलटापालट, असं करत करत माझा जुना पॅड माझा झालाय. "नवा घ्या" म्हणणाऱ्यांना वाटतं प्रश्न पैशांचा आहे. पॅडचा आकार थोडा बदलला तरी ही सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते. ड्युअलशॉक ४ सुमारे २१० ग्रॅमचा, ड्युअलसेन्स २८०च्या आसपास. तुम्हाला तो फरक कळणारही नाही. मला अर्ध्या तासात मनगटात कळतो.

आणि ते ताठ होणारे ट्रिगर मी सगळ्यात आधी बंद करतो. सेटिंगमध्ये तशी सोय आहे.

२०१८ मध्ये एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आला. मागे ३.५ मिमीचे १९ जॅक, प्रत्येकात आपल्याला जमेल ते बटण, पेडल किंवा स्विच खोचायचं. २०२०चा एक्सबॉक्स आला तेव्हा तो त्यावर जसाच्या तसा चालला. ज्यांनी खुर्चीला, टेबलाला बांधून आपली मांडणी केली होती, त्यांना काही हलवावं लागलं नाही. मला या वादात एवढंच महत्त्वाचं वाटतं.

डावाअंगठा

एकहाती, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर मी अडकलोय. ट्रिगरचा ताण आणि व्हायब्रेशन सेटिंगमधून बंद करता येतं, पूर्ण पीएस५साठी. याचा अर्थ गेम बनवणाऱ्याने ते दोन्ही नसतील असं आधीच गृहीत धरायला हवं. मग फ्रेममोजणारा म्हणतात ती खात्री आहे कुठे? शिवाय परवाना घेऊन पीएस५साठी विकले जाणारे काही पॅड आहेत, व्हिक्ट्रिक्स प्रो बीएफजीसारखे, ज्यांत ताठ होणारे ट्रिगर नाहीत आणि व्हायब्रेशनही नाही. त्यांच्यावर पीएस५चे गेम चालतात. माझ्या झिजलेल्या पॅडमध्ये निदान घरघर तरी आहे!

कायनेक्टचा दाखलाही मला पटत नाही. उलटा दाखला निन्टेन्डोच्या वीचा आहे. २००६चा वी हातवाऱ्यांचा कन्सोल म्हणून विकला गेला, तरी त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलवर झाकणाखाली त्याआधीच्या कन्सोलच्या, गेमक्यूबच्या, पॅडचे चार सॉकेट होते. मारिओ कार्ट वी (२००८) खोक्यात प्लास्टिकचं स्टीअरिंग घेऊन आला आणि त्याच गेममध्ये गेमक्यूबचा पॅडही चालायचा. वी दहा कोटींहून जास्त विकला गेला. नवा रिमोट लोकांना आवडला म्हणून त्यांनी हातात धरला, जुना अडवल्यामुळे नाही. कायनेक्ट लोकांना नको होता, एवढंच.

आणि निन्टेन्डोच्याच स्विचवर सुपर मारिओ पार्टी (२०१८) फक्त जॉय-कॉनवर (कन्सोलबरोबर येणाऱ्या छोट्या सुट्या पॅडवर) चालतो, वेगळा मिळणारा प्रो कंट्रोलर घेत नाही. तीन वर्षांनी आलेला मारिओ पार्टी सुपरस्टार्स दोन्ही घेतो. एकाच मालिकेतले दोन गेम, दोन निर्णय, आणि कन्सोलने मधे नाक खुपसलं नाही. स्विच २वर आता जुने जॉय-कॉन बिनतारी चालतात, फक्त झोपलेला कन्सोल त्यांनी उठत नाही. एवढी गैरसोय मी हसत सोसेन.

फ्रेममोजणारा

सेटिंगचा मुद्दा चांगला आहे, पण बंद करता येणं वेगळं आणि मुळात नसणं वेगळं. बंद करणाऱ्याला आपण काय बंद करतोय हे ठाऊक असतं. जुना पॅड हातात घेऊन बसलेल्याला आपलं काय हुकतंय हे कळतच नाही, आणि तो म्हणतो "गेम मागच्यासारखाच वाटतो". शिवाय प्रत्येक पॅडवर गेम तपासायचा, स्क्रीनवर बरोबर बटणाचं चित्र दाखवायचं, हे काम कुणीतरी करणार. वीच्या बाबतीत मात्र तुमचं मानतो. मारिओ कार्ट मी स्वतः स्टीअरिंग बाजूला ठेवूनच खेळायचो.

तांब्याचीतार

तपासायचं काम बरंचसं झालेलंच असतं. रिटर्नल आणि रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हे दोन्ही फक्त पीएस५साठी, नव्या पॅडचा पुरेपूर वापर करून बनवलेले. रिटर्नलमध्ये तर ट्रिगर अर्धा दाबला की एक काम आणि पूर्ण दाबला की दुसरं. दोन्ही २०२३ मध्ये पीसीवर आले आणि तिथे लोक ते कीबोर्ड-माउसवर खेळतात. माउसला किती कंप सुटतो ते तुम्हीच सांगा.

डावाअंगठा, तुमच्या चौघांसाठी एक सुचवतो. बरेच गेम पीएस४ आणि पीएस५ अशा दोन्ही आवृत्त्यांत येतात. पीएस५वर मुद्दाम पीएस४ची आवृत्ती लावलीत तर जुने चारही पॅड चालतील. ग्राफिक्स थोडे उतरतील, पण स्क्रीनचे चार तुकडे केल्यावर ते कोण बघतंय?

डावाअंगठा

हे मला सुचलंच नव्हतं. एकट्यासाठी खोक्यातला पॅड, चौघांसाठी पीएस४ची आवृत्ती. सध्या तसंच करतो. आमच्या फुटबॉलची दुसरी आवृत्ती आहे का ते आज बघतो. ज्यांचे गेम फक्त पीएस५चे आहेत त्यांना हा मार्ग नाही, तेव्हा माझं भांडण कायम आहे.