कोल्हापूरहून बंगळूरूला घरसामान न्यायचे आहे : विश्वासू वाहतूकदार कसा ओळखावा?

रंकाळाकाठ (प्रश्न) :
बदलीमुळे राजारामपुरीतील भाड्याच्या घरातले सामान आणि एक स्कूटर बंगळूरूला पाठवायची आहे. एका संकेतस्थळावर चौकशी नोंदवताच अनोळखी क्रमांकांवरून फोन सुरू झाले आणि सामान न पाहताच प्रत्येकाने दर सांगितला. सर्वांत कमी दर सांगणारा 'गाडी राखून ठेवण्यासाठी' निम्मी रक्कम आजच यूपीआयने मागतो आहे. ती द्यावी का?

शिरोलीकर :
देऊ नये. असा फोन करणारा पुष्कळदा निव्वळ दलाल असतो. सामान तिसऱ्याच्याच ट्रकमध्ये चढते आणि एकदा ते चढले की मजल्यांचे, टोलचे, हमालीचे जादा पैसे मिळाल्याशिवाय ट्रक उतरवायला नकार दिला जातो. म्हणून दराआधी विचारावे, की बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) कोणाच्या नावाने फाटणार आणि ट्रक कोणाचा आहे. जीएसटी क्रमांक मागून घ्यावा. तो पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणी २७ ने सुरू होते आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करताही त्यामागचे नाव व पत्ता दिसतो. ते नाव, कोटेशनवरील नाव आणि यूपीआयवर दिसणारे खातेदाराचे नाव जुळत नसेल, तर दर कितीही मोहक असला तरी तेथेच थांबावे.

करवीरवासी :
वरील मताशी सहमत आहे. घरी येऊन सामान न पाहणाऱ्याच्या दराला मी तरी दर म्हणणार नाही. पाहणीनंतर वस्तूंची यादी, पॅकिंग, चढ-उतार, टोल आणि पोहोचण्याची तारीख एकाच कागदावर लिहून घ्यावी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढावा लागणारा दस्तऐवज) सूट आहे, त्यामुळे त्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास नियम दाखवायला सांगावे.

रंकाळाकाठ :
आभारी आहे. एका कंपनीने कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स' म्हणून सामानाच्या किमतीच्या तीन टक्के लावले आहेत. ते योग्य आहे का?

शिरोलीकर :
विमा कंपनीने दिलेली, आपल्या नावाची पॉलिसी सामान चढण्यापूर्वी हातात पडणार असेल तरच त्याला विमा म्हणता येईल. अनेकदा ती वाहतूकदाराने स्वतः घेतलेली जोखमीची रक्कम असते आणि भरपाई द्यायची वेळ आली, की 'पॅकिंग आमचे नव्हते' हे उत्तर तयार असते. रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार नुकसानीचा दावा करण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत माल बुक केल्यापासून १८० दिवसांची आहे. म्हणून बिल्टी जपून ठेवावी, आणि खोकी उघडताना फुटतूट आढळल्यास पोहोच-पावतीवर तसा शेरा मारूनच सही करावी.

करवीरवासी :
ट्रक अडवून पैसे मागितले गेल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. ऑनलाइन पैसे उकळले गेल्यास मात्र जराही वेळ न दवडता १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. स्कूटर चढवण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे व चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कर्नाटकात ती बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर कोल्हापूर आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मागून ठेवावे.