अनुभव धागा: अलीकडे काय पाहिलं, कुठे पाहिलं आणि खरं सांगा कसं वाटलं (खान्देश स्पेशल)

तापीकाठचा (धागा मीच काढलाय)

मंडळी, सिनेमा, नाटक, सिरीज, तमाशा, यूट्यूब, गेल्या दोनेक वर्षात जे काही पाहिलं असेल ते इथे लिहा. अट एकच, 'छान आहे, एकदा बघायला हरकत नाही' असलं लिहू नका, ते वाचून वाचून कंटाळा आलाय. कुठे पाहिलं तेही लिहा, कारण आपल्याकडे पिच्चर कसा आहे याच्याआधी पिच्चर लागलाय का हाच प्रश्न असतो. मराठी पिच्चरला एक शो मिळतो, तोही दुपारी साडेबाराचा, नोकरीवाला माणूस जाणार कसा, आणि मग प्रेक्षकच येत नाहीत म्हणून पुढच्या शुक्रवारी काढून टाकतात.

सुरुवात करतो. 'दशावतार', जळगाव, सप्टेंबर २०२५. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत हे बघताना सारखं आठवत होतं आणि तरी पटत नव्हतं. नजर अधू झालीय पण सोंग सुटत नाही असा तो बाबुली आणि त्याचा पोरगा, त्या दोघांचं घरातलं जे चालतं तिथपर्यंत मी पुरता आत होतो. नंतर सुडाचा मामला सुरू झाला आणि म्हातारा माझ्या हातून निसटला. शिट्ट्या मात्र त्याच भागाला पडल्या, म्हणजे काढणाऱ्यांचं गणित बरोबरच होतं म्हणा. पण एक सांगू का, कोकणातल्या लोककलेवर एवढा मोठा पिच्चर निघतो आणि चालतो, आपल्या वहीगायनावर (ही आपली खान्देशी लोककला) कोणी काढेल का कधी?

लोकोशेडवाला, भुसावळ

'छावा'वर सगळं लिहून झालंय, मी फक्त आमच्याकडचं सांगतो. पिच्चर सुरूच होतो बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून. आता बुऱ्हाणपूर म्हणजे आमच्या रावेरच्या पलीकडलं, मध्य प्रदेशात गेलं तरी निम्म्या तालुक्याची सोयरीक तिकडे, आणि मुघलांच्या काळात अख्ख्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं तेच. त्यामुळे नाव आलं तसा थिएटरात 'ए बऱ्हानपूर, बऱ्हानपूर' असा कालवा झाला. आणि मग तिथे सिंह निघतो! १६८१ मध्ये हंबीरराव मोहित्यांनी ते शहर लुटलं, औरंगजेबाच्या नाकावर टिच्चून, एवढं काय कमी होतं का की वरून सिंहाशी झुंज लावावी? विकी कौशलने जीव ओतलाय. अक्षय खन्ना चार वाक्यं बोलतो आणि सीन खाऊन टाकतो. शेवटचे हाल मात्र इतका वेळ दाखवायला नको होते, लोक लहान पोरं मांडीवर घेऊन बसलेले.

देवपूरकर, धुळे

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', मालेगावात स्वतःच पिच्चर काढणाऱ्या पोरांवरचा. २८ फेब्रुवारी २०२५ ला आला, आमच्याकडे लागला की नाही तेच कळलं नाही, शेवटी प्राइमवर पाहिला. मालेगाव कागदावर नाशिक जिल्ह्यात पण आम्हाला ते पन्नासेक किलोमीटरवर, कपडा घ्यायला, गाडीच्या कामाला, कुठल्याही निमित्ताने जाणं होतं. त्याच पोरांनी काढलेल्या 'मालेगाव के शोले'ची सीडी आमच्या गल्लीत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत फिरत इतकी घासली होती की गब्बरच्या सीनला कायम अडकायची. त्यामुळे मी हा पिच्चर जरा डोळ्यात तेल घालूनच पाहिला.

आवडलं काय, तर फरोग. नासिर पिच्चर काढतो, नाव त्याचं होतं, आणि लिहिणारा फरोग बाजूला पडतो, मग भांडतो की लेखक बाप असतो. विनीत कुमार सिंगने तो राग असा धरलाय की त्याच्या बाजूने बोलावंसं वाटतं आणि त्याचा वैतागही येतो. शशांक अरोराचा शफीक, यंत्रमागावर राबणारा काटकुळा माणूस, तोही मस्त. नाही आवडलं काय, तर भाषा. मालेगावचं हिंदी असं नसतं हो. त्यात मराठी घुसलेलं असतं, अहिराणी घुसलेली असते, शिव्यांनाही एक चाल असते, आणि पिच्चरमध्ये ते सगळं धुऊन इस्त्री केल्यासारखं. २००८ ची फैझा अहमद खानची डॉक्युमेंटरी आहे ना 'सुपरमेन ऑफ मालेगाव', ती बघा आधी. त्यात खराखुरा शफीक सुपरमॅनचा ड्रेस घालून हिरव्या कापडापुढे उडतोय आणि आजूबाजूचे सगळे ते काम किती सिरीयसली घेतायत हे दिसतं. तो माणूस पुढे कॅन्सरने गेला हे माहीत असेल तर हसता हसता घशात अडकतं.

शिरपूर फाटा

देवपूरकर भाऊ, बाकी बठ्ठं बराबर, पन डॉक्युमेंटरी भारी आनि पिच्चर हलका हाई काही मले पटत नही. शेवटी सगळे मिळून शफीकला पडद्यावर बघतात तो भाग कुठल्या डॉक्युमेंटरीत एवढा लागला असता? आमच्या घरी तिघं रडले, त्यातला एक मेव्हणा, जो सासऱ्याच्या दहाव्यालासुद्धा कोरडा होता. आणि भाषेचं म्हणाल तर स्मिता पाटील आमच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, तिला तरी कुठल्या पिच्चरने अहिराणी बोलू दिली?

बाई (अमळनेर)

मी शाळेत शिकवते त्यामुळे 'श्यामची आई' पोरांसोबतच पाहिला, नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तेव्हाचा, सुजय डहाकेचा. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे, त्यामुळे आमच्या गावात ते घरचेच. फेब्रुवारी २०२४ ला ९७ वं साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा तर बाहेरून आलेले लोक रिक्षावाल्यांना गुरुजींच्या खाणाखुणा विचारत फिरत होते.

पिच्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे हे मी पोरांना सांगितलं नव्हतं मुद्दाम. सुरू झाल्यावर 'मॅडम यांचा कलर गेला' म्हणून आरडाओरडा, नंतर दहा मिनिटांत विसरले. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेलं, आमच्या पिढीने तो टीव्हीवर पाहिलाय, तिथे वनमालाबाईंच्या आईला बघून हुंदके यायचे. इथे तसं रडवायची घाई नाही हे मला आवडलं. ओम भूतकरचे गुरुजी रडके नाहीत, शांत आहेत पण आतून पक्के, आणि नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली बसून ही गोष्ट लिहिणारा माणूस असाच असणार. पण मधला भाग लांबलाय. मागच्या दोन रांगांत चिवड्याची पाकिटं फुटली म्हणजे लांबलाच. घरी जाताना सहावीतल्या एकाने विचारलं, मॅडम, त्याची आई त्याला मारायची तरी त्याला आवडायची कशी. मी काय उत्तर दिलं ते जाऊ द्या, पण प्रश्न पिच्चरनेच पाडला ना.

पारोळ्याची सून

'स्थळ'. जयंत सोमलकरचा, मार्च २०२५ ला आला. चंद्रपूरकडचा आहे, बोली वऱ्हाडी, पण मला एकही वाक्य परकं वाटलं नाही. पहिलाच सीन उलटा आहे, बाया बसल्यात खुर्च्यांवर आणि मुलगा पोह्यांचा ट्रे घेऊन येतो, त्याला नाव, शिक्षण, उंची, रंग विचारतात. सगळे हसले. मग सविताची खरी बघण्याची वेळ येते, तेच प्रश्न, त्याच खुर्च्या, आणि हसू जागच्या जागी थांबतं. आणि हे एकदा नाही, परत परत. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण दिग्दर्शकाला तोच कंटाळा दाखवायचाय, आपण चार वेळा बघून वैतागतो, ती पोरगी तर त्यातच जगते. नंदिनी चिकटे त्या मुलीचं नाव, तिने मान खाली घालून बसायचं कामसुद्धा दर वेळी वेगळं केलंय. लोकही गावातलेच घेतलेत, म्हणून तो पाहुण्यातला एक काका जो काहीच विचारत नाही नुसता खालपासून वरपर्यंत बघतो, तो अॅक्टर वाटतच नाही. असा काका प्रत्येक घरात आहे.

बापाचं कपाशीचं गणित तर आमचंच. भाव येईल म्हणून कापूस घरात ठेवायचा, तो येतच नाही, आणि तिकडे हुंड्याचा आकडा थांबत नाही.

पण माझं एक म्हणणं आहे. आमच्या माहेरी भाऊ चौतिशीचा झाला, सहा एकर बागायत, निर्व्यसनी, आणि त्याला मुली नाही म्हणतात कारण नोकरी नाही. मुलीकडचे फोनवरच विचारतात, पगार किती, पुण्यात फ्लॅट आहे का. तो माझ्यासोबत पिच्चर बघत होता, अर्ध्यातच म्हणाला 'ताई, हाई तर मनंच शे' (हे तर माझंच आहे). म्हणजे नाकारलं जाणं आता दोन्हीकडे आलंय. मुलीचं दुःख त्याने कमी होत नाही हेही खरं, भावाला निदान ट्रे घेऊन उभं राहावं लागत नाही. यावर कोणीतरी पुढचा पिच्चर काढा. आणि खेड्यातल्या लग्नावर काढाल तर विनोदी काढू नका.

मेहरूण तलाव

कोणी नाटकाचं लिहितच नाही म्हणून मी लिहितो. जळगावच्या परिवर्तन संस्थेचं 'नली' पाहिलंय का? एकपात्री म्हटलं की आपल्याला लक्ष्मण देशपांडेंचं 'वऱ्हाड' आठवतं, ५२ पात्रं आणि हसून पुरेवाट, आता संदीप पाठक करतो तेही मी पाहिलंय. 'नली' तसलं नाही. हर्षल पाटील एकटा उभा राहतो आणि गावातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो, बस. पोरगेल्या आवाजात सुरू होतं, शाळा, गल्ली, चेष्टामस्करी, लोक आरामात हसत असतात. मग तो कधी खांदे थोडे पाडतो, कधी नुसता आवाज खाली घेतो आणि तो सांगणारा मोठा झालेला असतो, नलीही मोठी झालेली असते, आणि आता हसायचं काही उरलेलं नसतं हे तुम्हाला उशिरा कळतं. लाइट-म्युझिकने जे करतात ते हा खांद्यांनी करतो. माझ्या मते शेवटाकडे जरा आवरायला हवं होतं, एकच दुःख दोनदा सांगितल्यासारखं होतं. पण जळगावात बसून जळगावच्या माणसांनी केलेलं नाटक बघून मुंबईचं काही कमी वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

विंगेतला

नाटकाचा विषय निघालाच आहे तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बघायला जा कधीतरी जळगाव केंद्रावर. तिकीट चहा-नाश्त्याच्या पैशात. मी स्वतः काम करतो म्हणून बोलायचा हक्क आहे, आपल्याकडच्या संस्थांना एक खोड लागलीय, परीक्षकांना भारी वाटावं म्हणून समजणार नाही असली संहिता उचलायची. मग स्टेजवर तीन माणसं पांढऱ्या कपड्यात, एक दोर, लाल स्पॉट, आणि 'अस्तित्व' हा शब्द दर दोन मिनिटांनी. प्रेक्षकात कोण, तर उद्या ज्यांचं नाटक आहे ते आणि आमच्या घरचे. अरे आपल्याकडे केळीच्या विम्यावरून एवढं रामायण होतं, उधना-सुरतला निम्मं गाव गेलंय, त्याच्यावर लिहा की. सगळेच तसे नसतात, मागच्या खेपेला एका कॉलेजच्या पोरांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरून असं काही नाटक बांधलं होतं की डीमरवरचा पोरगा लाइट द्यायचा विसरून बघत बसला. नंबर आला नाही.

मुक्ताईनगरहून एक वारकरी

'संगीत देवबाभळी' मी मुलाकडे नाशिकला गेले तेव्हा पाहिलं. तुकोबांची आवली, तिच्या पायात बाभळीचा काटा, आणि तिच्या सेवेला लखुबाई म्हणून खुद्द रखुमाई येऊन राहते. दोघीच बाया पूर्ण नाटक. दोघी नवऱ्यावर रागावलेल्या. आमची मुक्ताईची पालखी महिनाभराहून जास्त चालते, मीही चाललेय, घरी मागे राहिलेल्या सुनेने काय केलं असेल हे असं कधी डोळ्यापुढे आलं नव्हतं. प्राजक्त देशमुख या मुलाने लिहिलंय, २०२० ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला त्याला. इकडे प्रयोग झाला तर पहिल्या रांगेत मी असेन.

चाळीसगावची

'ठरलं तर मग' ही मालिका. सासूबाई बघतात म्हणजे मीही बघते, पोळ्या त्याच वेळेला असतात. मधुभाऊंची केस किती चालली हो! आमचा शेताच्या बांधाचा दावा तिच्या आधी निकाली निघाला. बाकी जुई गडकरी गोड आहे, त्याबद्दल वाद नाही.

शहादा रोड

सिनेमा नाही, तमाशा. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, घोडेबाजार सगळ्यांना माहितीय, रात्रीच्या कनाती कमी लोकांना. डिसेंबरची थंडी, तापीवरून वारा, लोक गोधड्या घेऊन बसतात. गण झाला, गवळण अर्धी, मग तास-दीड तास नुसती हिंदी गाणी, कारण पुढे बसलेल्या पोरांना तेच पाहिजे. आम्ही वगासाठी थांबलो. मध्यरात्र उलटून गेल्यावर वग लागला तेव्हा निम्मी कनात रिकामी आणि सोंगाड्याला त्याचं काही नाही, जी माणसं उरली होती त्यांच्याकडे बघून जागच्या जागी जोड घालत होता, एका आजोबांच्या कानटोपीवरून दहा मिनिटं खेचलं त्याने. असलं टायमिंग मी टीव्हीवरच्या हास्यकार्यक्रमात पाहिलेलं नाही. राग कोणावर काढायचा कळत नाही, फडमालकाला पण ट्रकचं डिझेल भरायचंय.

उधन्याचा पाटील

मी मूळ साक्रीकडचा, सुरतला असतो. इथे मराठी पिच्चर क्वचित लागतो, नाटक तर विसराच, त्यामुळे आमचं थिएटर म्हणजे मोबाइल आणि त्यावर अहिराणी व्हिडिओ. 'केसावर फुगे' आलं तेव्हा इथल्या हळदीत डीजेवर तेच, गुजराती शेजारी पण नाचले. आता रोज नवीन गाणं येतं आणि सगळी एकसारखीच, केळीचा बाग, वरून ड्रोन, गॉगल लावलेला पोरगा, रुसलेली पोरगी. कॉमेडीत पण बायकोने नवऱ्याला बदडायचं हाच विनोद. तरी बघतो, कारण कानाला बरं वाटतं. मोठ्या मराठी मालिकेत आपला माणूस आला की तो वॉचमन नाहीतर येडा, त्यापेक्षा हे बरं. धागाकर्त्याने वहीगायनाचं विचारलंय, तर पैसे लावणारा आला तरी अहिराणीत एक सरळ, विनोदी नसलेला पिच्चर लिहिणारा कोण आहे ते आधी सांगा, मी सुरतहून गाडी भरून माणसं आणतो. आणि कोणी रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' पाहिला असेल तर लिहा राव, २०२५ ला सनडान्सला बक्षीस मिळालेला, इकडे कुठे दिसला नाही.