फ्राम टिकलं, एन्ड्युरन्स का चिरडलं? विज्ञान प्रदर्शनासाठी प्रतिकृती करायची आहे

खानापूरचा_मास्तर: आठवीची पोरं नॉर्वेचा ध्रुवीय शोधक नान्सेन याच्या ‘फ्राम’ जहाजाची लाकडी प्रतिकृती करणार आहेत. नुसती शोभेची नको. बर्फ दोन्हीकडून दाबला की जहाज वर उचललं जातं, हे पाण्यात दाखवायचंय. शेजारी अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडलेलं, ब्रिटिश शोधक शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ ठेवायचं. मापं कोणती घ्यावीत? आणि फरक फक्त आकाराचा होता, की आणखी काही?

मार्कंडेयकाठ: मास्तर, प्रमाण शंभरास एक घ्या, हिशेब सोपा पडतो. फ्राम 39 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद, म्हणजे 39 सेंमी बाय 11 सेंमी. एन्ड्युरन्स सुमारे 44 मीटर लांब, पण रुंदी जेमतेम 7.6 मीटर. दोन्ही शेजारी ठेवली की निम्मं उत्तर तिथंच दिसतं.

कॉलिन आर्चरनं नॉर्वेतल्या लार्विकला फ्राम बांधलं, 1892 च्या ऑक्टोबरात ते पाण्यात उतरलं. त्याचं पोट अर्ध्या नारळासारखं गोल. कणाही (तळाशी लांबीभर जाणारं लाकूड) खाली तीनच इंच बाहेर, म्हणजे बर्फाला धरायला कंगोराच नाही. 1881 मध्ये ‘जेनेट’ नावाचं जहाज सायबेरियाच्या उत्तरेला चिरडलं आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. बर्फ तिकडे वाहतोय तर आपणही त्यातच गोठून जाऊ, असा नान्सेनचा बेत होता. 1893 च्या सप्टेंबरात फ्राम अडकलं, 1896 च्या ऑगस्टात नॉर्वेच्या उत्तरेच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या बाजूला सुटलं. मधल्या काळात उजेडासाठी डेकवर पवनचक्की होती. ती प्रतिकृतीवर जरूर लावा, पोरांना आवडेल.

सुतारमेट: आकारावर सगळं श्रेय टाकू नका. गोल पण कच्चं जहाज वर सरकण्याआधीच फुटेल. फ्रामच्या बाजूला ओकच्या फळ्यांचे दोन थर, 3 आणि 4 इंचांचे. त्यावर ग्रीनहार्ट या फार कठीण लाकडाचं कवच, पाण्याच्या रेषेशी 6 इंच आणि खाली कण्याकडे 3 इंच. हे कवच आरपार बोल्टांनी जखडलेलं नव्हतं. बर्फानं ओरबाडून नेलं तरी आतलं जहाज शाबूत राहावं म्हणून. फासळ्यांमधल्या फटीत डांबर, राळ आणि भुसा. आत तुळया, खांब आणि तिरके टेकू यांचं जाळंच.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सुकाणू आणि जहाज ढकलणारा मागचा पंखा (प्रोपेलर). फ्रामवर दोन्ही विहिरीसारख्या खोबणीतून वर ओढून घेता येत. एन्ड्युरन्सचं नेमकं तिथंच बिघडलं. 1915 च्या ऑक्टोबरात बर्फानं मागचा खांब आणि सुकाणू उखडलं, पाणी आत शिरलं. 27 ऑक्टोबरला जहाज सोडलं, 21 नोव्हेंबरला ते बुडालं.

खानापूरचा_मास्तर: मग फ्राम दर वेळी आपोआप वर यायचं का? आणि लाकूड कोणतं घेऊ?

मार्कंडेयकाठ: आपोआप नाही. 1895 च्या जानेवारीत बर्फाचा ढिगारा डाव्या कठड्यावर चढून आला, माणसं जहाज सोडायच्या तयारीत होती. जहाज भोवतालच्या बर्फाला घट्ट चिकटलेलं होतं. ती पकड सुटली तेव्हाच ते वर उचललं गेलं. गोल पोटाची किंमतही होती बरं का: उघड्या समुद्रात फ्राम भयंकर डोलायचं.

सुतारमेट: लाकूड पांगाऱ्याचं. सावंतवाडीची खेळणी त्याचीच, हलकं आणि कोरायला मऊ. साग नको, पोरांच्या हाताला कडक जाईल.

वजनात बहुतेक जण फसतात. फ्राम पूर्ण भरलं की सुमारे 800 टन पाणी सारायचं आणि 4.8 मीटरच्या आसपास बुडायचं. शंभरास एक म्हणजे एकूण वजन 800 ग्रॅम, पाण्यात बुडणारा भाग साधारण 4.8 सेंमी. पांगारा एकटा फार हलका. जहाज उंच तरंगलं तर बर्फ त्याच्या गोलाईच्या भलत्याच भागावर दाबेल. म्हणून पोट पोखरून तळाशी लोखंडी नट भरा. वर ठेवलेत तर कलंडतं.

बर्फासाठी 2 सेंमी जाडीचे थर्माकोलचे तुकडे. दोन्हीकडून सावकाश ढकला, हिसका नको. कोरं लाकूड थर्माकोलला धरून ठेवतं आणि फ्रामसुद्धा अडकून बसतं. 220 नंबरचा पॉलिशपेपर मारा, वार्निशचे दोन हात द्या, वाळल्यावर मेण चोळा. एन्ड्युरन्सलाही तेच करा, नाहीतर परीक्षक विचारतील की फरक आकाराचा की मेणाचा.

डोलकाठ्या चाचणी आटोपल्यावरच बसवा. ढकलाढकलीत पहिल्यांदा त्याच मोडतात.