अनोळखी कलाकाराने फॉलोअर जमवायचे की गिऱ्हाईक? नागपूरकरांनो, मत द्या

महालातला_ठसेवाला
सरळ मुद्द्यावर येतो. ज्याला कोणी ओळखत नाही अशा कलाकाराने फॉलोअर वाढवायच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत झालंय. मी लिनोकट करतो, म्हणजे लिनोच्या शीटवर चित्र उलटं कोरायचं, रोलरने शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा, एका ब्लॉकचे मोजकेच ठसे काढायचे आणि खाली पेन्सिलीने ३/३० (म्हणजे तीसातला तिसरा) असा नंबर टाकायचा. आता गंमत बघा, कोरताना लिनोची साल निघते ना, त्या सालीची रील टाकली की लोक तुटून पडतात, आणि तयार ठसा टाकला की स्मशानशांतता. मग हळूहळू काय होते, आपण चित्रासाठी कोरत नाही तर सालीसाठी कोरून राहतो. दोन-चार ओळखीचे चित्रकार असेच वाया गेलेले पाहिले, हात चांगला होता बिचाऱ्यांचा.

आणि ही सगळी जमीन भाड्याची आहे राजेहो. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं, विदर्भातली खेड्यापाड्यातली किती पोरं तिथे नाव कमावून बसली होती, एका रात्रीत सगळं गायब, चाहत्यांचा साधा फोन नंबर पण कोणाकडे नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. इन्स्टाग्राम आधी पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवायचं, २०१६ पासून ते स्वतः ठरवते कोणाला काय दाखवायचं. म्हणून माझं म्हणणं, ज्याने एकदा पैसे देऊन काही घेतलं त्याचं नाव-नंबर वहीत लिहा, नवीन काम झालं की आधी त्याला कळवा, आणि इन्स्टा फक्त दुकानाच्या पाटीसारखं ठेवा. बोला आता.

रांगोळी_नंदनवन
भाऊ रागावू नका पण हे बोलणं ज्याच्याकडे आधीच गिऱ्हाईक आहे त्याचं आहे. वहीत नंबर लिहा म्हणता, कोणाचा लिहू? मी लग्नाच्या हॉलमध्ये, गृहप्रवेशाला मोठ्या रांगोळ्या काढते, सुरुवातीला मला आमच्या गल्लीबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. प्रदर्शन लावायचं तर हॉलचं भाडं, पाट्या, चहापाणी, आणि येतं कोण तर मावशी, आत्या आणि शेजारच्या काकू, त्या पण "छान गं" म्हणून निघून जातात. रील २०२० मध्ये आली आणि तिचा एकच मोठा फायदा आहे, जो तुम्ही धरतच नाही, की ती फॉलो न करणाऱ्याला पण दिसते. माझ्यासारखीला हेच तर पाहिजे होतं ना! वरून मोबाईल बांधून अख्खी रांगोळी फास्ट करून टाकते, लोकेशन नागपूर टाकते, आणि लग्नाच्या सीझनला इव्हेंटवाले स्वतः फोन करतात.

आणि एक, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज जातो. अनोळखी कलाकाराचा नंबर कोण सेव्ह करून ठेवते हो?

महालातला_ठसेवाला
ताई, नंबर सेव्ह करायचा मुद्दा कबूल, तिथे तुम्ही पकडलं. पण तुमचं काम वेगळं आहे, तुम्हाला बोलावणारा माणूस नागपुरातच पाहिजे. तुमची रील कानपूरच्या लाख लोकांनी पाहिली तरी त्यातून एक पण ऑर्डर येणार नाही, म्हणजे तुम्हाला सुद्धा व्ह्यूज नाही, शंभरेक मांडववाले आणि डेकोरेशनवालेच पाहिजेत. त्यांना जाऊन भेटलं तर?

रांगोळी_नंदनवन
गेले होते की. "ताई तुमचं इन्स्टा आहे का" हाच पहिला प्रश्न. 😄 पेज दाखवलं तेव्हा खुर्ची दिली बसायला.

हिशोबी_काका
तुम्ही दोघं भांडून राहिले अन् हिशोब कोणीच मांडत नाही. २००८ मध्ये केव्हिन केली नावाच्या अमेरिकन माणसाने एक गणित मांडलं होतं, ते आजपर्यंत फिरते आहे. कलाकाराला लाखो लोक नको, हजार पक्के चाहते पाहिजेत, प्रत्येकाने वर्षाला १०० डॉलर दिले की १ लाख डॉलर झाले, पोट भरते. ऐकायला झकास. आता हे सीताबर्डीत आणून पाहा. इथे माणूस वर्षाला ५०० रुपयाचं चित्र घेईल असं धरू, हजार माणसांचे ५ लाख. त्यातून कागद, शाई, पॅकिंग, कुरिअर, फुटलेल्या फ्रेमा काढा, हातात किती राहते ते तुम्हीच सांगा. अन् पाहणाऱ्या शंभरातला एकच घेते असं धरलं तर हजार घेणाऱ्यांसाठी लाख पाहणारे पाहिजेत. म्हणजे ठसेवाल्याची वही भरायला रांगोळीताईंची रील लागतेच.

पण ठसेवाल्या, तुझ्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी तू स्वतःच लिहिली अन् विसरला. तुझा ठसा ३० च निघते ना? मग तुले हजार कायले पाहिजे, एका ब्लॉकमागे तीस माणसं पुरे. वर्षाला सहा ब्लॉक केले तर १८० विक्री, अन् त्यातले अर्धे जुनेच गिऱ्हाईक राहतील. आता ठसा ५०० ले विकायचा की १५०० ले, खरा प्रश्न हा आहे, अन् तो सगळे टाळतात.

थर्डइयर_चित्रकला
काका तुमच्या हिशोबात एक गोष्ट राहिली, यूट्यूब. १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉचटाइम झाला की जाहिरातीचे पैसे सुरू. चित्र विकलंच पाहिजे असं कोण म्हणते, दाखवून पण कमावता येते. आमच्या बॅचमधले अर्धे तर आता हेच करून राहिले.

आणि ठसेवाले भाऊ, पोहोच वाढवणं हे काही इन्स्टाचं फॅड नाही. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना टाकला तो कशासाठी? ओरिजिनल राजवाड्यात लटकायचं, छापलेली लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेली, म्हणून आजही तुमच्या आजीच्या देवघरात ती सापडते. त्या काळात रील असती तर त्यांनी पण टाकली असती.

महालातला_ठसेवाला
अबे, अर्धी गोष्ट सांगू नको ना. तो छापखाना तोट्यात गेला, कर्ज झालं आणि शेवटी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. लक्ष्मी घराघरात गेली ती बरोबर, छापखान्याच्या मालकाच्या घरी मात्र आली नाही. आणि रवि वर्मा आधीच राजेरजवाड्यांमध्ये नावाजलेला होता, अनोळखी नव्हता. तुझं उदाहरण माझ्याच बाजूने पडते, पोहोच वेगळी आणि पैसा वेगळा.

यूट्यूबचं पण सांगतो. "लिनोकट कसं करायचं" असा व्हिडिओ टाकला की पाहायला कोण येते? दुसरे लिनोकट करणारे. चाकू कोणता, शाई कोणती, कागद कुठून घेतला, कमेंटमध्ये हेच. चांगली माणसं आहेत, पण ती तुझं चित्र कधीच घेणार नाहीत, ती स्वतः काढतात! आपण सगळे कलाकार एकमेकांना लाईक देत बसलोय, आणि ज्याच्या भिंतीवर जागा रिकामी आहे तो माणूस यातलं काहीच पाहत नाही. शिकवायचा क्लास काढायचा असेल तर मग गोष्ट वेगळी, तेव्हा तेच लोक गिऱ्हाईक.

वडसा_टू_नागपूर
इथे कोणी झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकवाल्या भागाचं, नावच घेतलं नाही म्हणून लिहून राहिलो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, अन् त्या रात्री नाटक पाहिजेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याले नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचं मंडळ तिथे येऊन नाटक बुक करते, कलाकाराचा सीझन होळीपर्यंत चालते. मुंबई-पुण्याच्या पेपरात ज्याचं नाव कधी आलं नाही असा नट त्या भागात बाहेर निघाला तर चहाचे पैसे कोणी घेत नाही. कोणती रील होती त्याच्यामागे? दर वर्षी तोच माणूस त्याच भागात जाते, लोकायले माहीत असते, बस. आता पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरतात, फेसबुकवर पण टाकतात, पण बुकिंग अजून माणूस माणसाशी बोलूनच होते.

ठसेवाल्या भाऊचं पटते मले. फक्त एक, झाडीपट्टीत नट एकटा नसते, कंपनी असते, पडद्यामागे व्यवस्था असते. तुम्ही चित्रकार लोक सगळं एकट्यानेच ओढता, मग थकता.

थर्डइयर_चित्रकला
नाटकाचं वेगळं आहे दादा, नाटकाला लोक येतात. लिनोकटला गावची मंडई थोडीच बुक करणार. 😂

वडसा_टू_नागपूर
आणून तर पाहा मंडईत, मग हास.

भिंत_रिकामी_आहे
मी कलाकार नाही, घेणारी आहे. रामदासपेठेत फ्लॅट घेतला तेव्हापासून भिंतीसाठी नागपूरचंच काहीतरी शोधत होते, म्हणून गिऱ्हाईकाच्या बाजूने चार गोष्टी सांगते, राग मानू नका.

तुमच्या पेजवर किती फॉलोअर आहेत हे मी आजपर्यंत एकदाही पाहिलेलं नाही. मी काय पाहते तर चित्र किती मोठं आहे आणि केवढ्याला आहे, आणि नेमक्या ह्याच दोन गोष्टी कोणी लिहीत नाही! "प्राइस साठी डीएम करा." का करू? साडीच्या दुकानात पण किमतीची चिठ्ठी असते. विचारलं की समोरचा आधी माझी प्रोफाइल पाहतो आणि मग रेट ठरवतो असं वाटतं, खरं-खोटं देव जाणे. मग फोटो. पिवळ्या ट्यूबखाली, वाकडा, कोपऱ्यात अर्धा पंखा. चित्राशेजारी एक खुर्ची ठेवून फोटो काढा ना, साईज आपोआप कळते. नागपूरच्या उन्हात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं तर रंग उडेल का, हे कोणी सांगेल तर मी त्याचं चित्र लगेच घेईन.

आणि प्रदर्शनवाल्यांना पण सुनावते. साउथ सेंट्रल सांस्कृतिक केंद्राच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो तिथे एका मुलाचं काम खूप आवडलं होतं, म्हटलं घरी भिंत मोजून सांगते. त्याच्याकडे साधं कार्ड नव्हतं. नाव विसरले. आता तो मुलगा कुठे आणि मी कुठे. त्याचं पेज असतं तर तिथेच फॉलो केलं असतं आणि तो विकला असता, त्यामुळे पाटी-पाटी म्हणून इन्स्टाला हिणवू नका, पाटी नसलेलं दुकान मला सापडलंच नाही.

रांगोळी_नंदनवन
ताई जियो!! हेच तर मी केव्हाची सांगतेय.

महालातला_ठसेवाला
नाही, त्यांनी दोघांनाही धुतलंय, तुम्ही फक्त तुमच्या भागावर टाळ्या वाजवल्या. 🙂 पण किमतीचं बरोबर आहे, मी उद्याच सगळ्या ठशांखाली साईज आणि भाव टाकतो. उन्हाचं सांगतो ताई, तेलाची काळी छपाई-शाई असेल तर उन्हाने सहसा काही होत नाही, कागद मात्र पिवळा पडतो, म्हणून ॲसिड-फ्री कागद घ्यायचा आणि समोरासमोर ऊन येते ती भिंत सोडायची. रंगीत असेल तर कोणती शाई आहे ते विचारून घ्या.

मानेवाडा_एक्सप्रेस
मी डिजिटल आर्ट करतो. रील टाका, फोटो टाका पण मोठ्या साईजची फाईल टाकू नका बाप्पा, माझं एक चित्र टी-शर्टवर छापून विकताना सापडलं. कायद्याने १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट आपल्या बाजूने आहे, चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, कलाकार गेल्यावर पण ६० वर्षं राहतो. पण टी-शर्टवाल्यामागे कोर्टात कोण फिरेल? मी त्याला तारखेसहित ओरिजिनल फाईल पाठवली, त्याने गपचूप काढून टाकलं.

थर्डइयर_चित्रकला
मुद्द्यावर या. मला वाटते खरी गोष्ट विषयाची आहे. मारबत घ्या, मिरवणुकीत काढून नंतर जाळतात ते मोठे पुतळे. काळी-पिवळी मारबत नागपूर सोडून असं कुठेच निघत नाही, १८८० च्या दशकापासून निघते आहे, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अख्खं शहर मोबाईल काढून इतवारीत उभं असते. त्याच्या आठ दिवस आधी मारबतीचा ठसा टाकला तर नागपूरची सगळी पेजेस स्वतःहून शेअर करतील, एक रुपया खर्च न करता. अनोळखी कलाकाराने आधी गावाचं काहीतरी काढावं, गाव ओळखलं की मग मनातलं काढावं.

महालातला_ठसेवाला
आणि मग जन्मभर मारबत, झिरो माइल आणि संत्रीच काढत बसायचं? एकदा "तो मारबतवाला" असा शिक्का बसला की दुसरं काही टाकलं तर लोक विचारतात आजारी आहे का. माझे सगळ्यात चांगले ठसे माझ्या आजीच्या हातांचे आहेत, त्यात नागपूर कुठेच नाही.

हिशोबी_काका
मारबत ५०० ले विक, आजीचे हात २००० ले. अन् जो मारबत घेते त्याच्या पाकिटात आजीच्या हातांचा छोटा फोटो टाक, मागे तुझा नंबर. नंबर सेव्ह करायचा प्रश्न पण सुटला.

भिंत_रिकामी_आहे
आजीच्या हातांची साईज काय?

महालातला_ठसेवाला
ए३ च्या थोडा आत ताई, कागदाला चारी बाजूंनी दोन इंच समास सोडलाय. भाव काकांनी आत्ताच जाहीर केला 😅 मी तर ८०० ला देत होतो.

थर्डइयर_चित्रकला
८०० पण जास्तच आहे बे भाऊ, स्टुडंट डिस्काउंट काय?

हिशोबी_काका
पाहा. हा याचा फॉलोअर आहे.