विषय: ट्रेलवरचं पोह्याचं टेबल, रविवारी कूलर ठेवायचा की माणूस

मंडळी,
परवा नागपूरहून अमेरिकेला निघून राहिलो, बॅगेत अजून जागा आहे. तर्रीचा मसाला आणि संत्रा बर्फी घेतली. संत्री कोणी मागू नका, कस्टमवाले फळं काढून घेतात. आता मुद्द्याचं. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही डोंगरातली लांब पायवाट शेनान्डोआ पार्कमध्ये रस्ता ओलांडते, त्या क्रॉसिंगवर चालणाऱ्यांना पोहे खाऊ घालायचं शनिवारचं टेबल ठरलं, पण रविवारी कोणीच थांबायला तयार नाही म्हणून काही जण म्हणतात कूलर भरून झाडाखाली ठेवून द्या, ज्याला लागेल तो घेईल. माझा साफ विरोध आहे. तिथे काळी अस्वलं आहेत, खाणं बेवारस ठेवू नका असं अ‍ॅपलाचियन ट्रेल कन्झर्व्हन्सी, म्हणजे ही वाट सांभाळणारी संस्था, स्वतः सांगते. अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते माणसांच्या जवळ यायला लागतं, आणि मग त्याला मारावं लागतं, जीव अस्वलाचाच जातो.
— महालवाला

भाऊ, कूलरचं मी म्हटलं होतं आणि अजूनही म्हणतो. पूर्ण ट्रेल चालणारी पोरं मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघतात, मेनपर्यंत 2,190 मैलांच्या वर चालायचं, आपल्याकडे येईस्तोवर गालफाडं बसलेली असतात. त्यांना शनिवार काय अन् रविवार काय! घट्ट झाकणाचा डबा घेऊ, आत नुसतं पाणी अन् सरबत ठेवू. मागच्या वर्षी एका पोरानं सॅक पाठीवर तशीच ठेवून उभ्याउभ्या पोहे खाल्ले, तर्रीनं नाकातून पाणी येत होतं तरी प्लेट पुन्हा पुढं केली. असा माणूस रविवारी तसाच पुढं जावा हे मला पटत नाही.
— इतवारी

मी आता नागपूरला धरमपेठेतच असते, तिकडं येणं होत नाही, पण मेल सगळे वाचते म्हणून लिहिते. नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारची यात्रा असते, आपल्या विदर्भातली कितीतरी मंडळं धो धो पावसात ताडपत्र्या बांधून डोंगरात जेवण घालतात. तेही व्याघ्र प्रकल्पाचंच जंगल आहे. पातेलं ठेवून कोणी घरी गेलं असं मी तरी पाहिलं नाही. वाढणारा माणूस समोर असला की तो विचारतो, पाय कसे आहेत, पाणी आहे का, पुढचा चढ निसरडा आहे बरं. थकलेल्या माणसाला तेवढंच तर पाहिजे असतं. झाकण कितीही घट्ट असो, डबा हे विचारणार आहे का? दोन माणसं मिळत नसतील तर रविवार सोडा, पण बेवारस काही ठेवू नका.
— काकू

काकूंचं बरोबर आहे. पण किचन माझ्याकडे आहे तर मेनू मला विचारल्याशिवाय ठरवू नका ही विनंती. तर्री वेगळ्या भांड्यात, पोह्यांवर आधीच ओतायची नाही, ज्याला झेपेल त्यानं घ्यावी. आणि तिथल्या दुकानातून संत्री घेतली तर साली मोजून परत आणायच्या, त्या जंगलात लवकर कुजत नाहीत, दरवर्षी कोणीतरी म्हणतं की नैसर्गिक आहे, फेकली तर काय झालं.
— किचन

सालीचं एकदम मान्य. टेबलाखाली कचऱ्याची पिशवी मी बांधतो, जाताना गाडीतच टाकायची. पार्कच्या हद्दीत टेबल लावायला परवानगी लागते का तेही रेंजर ऑफिसला मीच विचारतो, त्याआधी कोणी पोहे भिजवू नका. आणखी एक बोलायचंच आहे. झाडांवरचे वाट दाखवणारे ते 2 इंच रुंद, 6 इंच उंच पांढरे पट्टे स्वयंसेवक रंगवतात, पडलेली झाडं तेच कापतात, वाटेवरून वाहणारं पाणी तेच बाजूला काढतात. आपण गेली कित्येक वर्षं फक्त खाऊ घालून राहिलो. आपल्या भागातली वाट राखणाऱ्या पोटोमॅक अ‍ॅपलाचियन ट्रेल क्लबच्या कामाच्या दिवशी आपले चार जण फावडं घेऊन गेलेच पाहिजेत.
— सचिव

फावड्याला मी येतो, माझं नाव लिहा. रविवारी सकाळी टेबलावरही मी थांबतो, पण एकटा नाही. कूलर रद्द करा.
— इतवारी

रविवारी दुसरा मी. जेट लॅग असला तरी येतो. काळे चणे इकडून आणू का तिथेच मिळतील, तेवढं किचननं आज रात्रीपर्यंत कळवा, उद्या बॅग बंद करायची आहे.
— महालवाला