हुरड्याला रकाना कुठाय? (जीनबँकेतल्या ज्वारीच्या नोंदींवरून)

कोरडवाहू:
परवा 'बीजगणित' यांनी इथेच लिहिलं की गावठी ज्वारीचे वाण जीनबँकेत (बियाणं जपून ठेवायच्या भांडारात) पोचले, यादीबरहुकूम नोंदी झाल्या, आता ते रानात जपायच्या गप्पा म्हणजे निव्वळ भावुकपणा. वर हेही, की ज्या गुणाला यादीत रकाना नाही तो गुणच नव्हे. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

यादी कुठली, तर ज्वारीचे कुठले गुण कसे नोंदवायचे ते सांगणारी, १९९३ ची, आयबीपीजीआर (वनस्पतींचे वाण जपायचं आंतरराष्ट्रीय मंडळ) आणि इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) यांची. निम्मी ताटं फुलोऱ्यात यायला किती दिवस, जमिनीपासून कणसाच्या टोकापर्यंत उंची किती, कणीस घट्ट की मोकळं, तुसाचा रंग, दाणा तुसात किती झाकलाय, शंभर दाण्यांचं वजन. चांगलंच आहे. मळणीला सोपं की अवघड, हेही बघतात. पण कधी? दाणा पक्का वाळल्यावर! गुळभेंडी आणि मालदांडी हे दोन वाण वेगळे कळतात ते दाणा हुरड्यात असताना. गुळभेंडीचं कणीस आगटीतून काढून तळहातावर चोळा, दाणा तुसं टाकून मोकळा होतो. मालदांडीचं चोळा, निम्मी तुसं तोंडात. ज्या गुणापायी लोकांनी गुळभेंडी बांधाकडेला का होईना राखली, तो बघायला त्या वेळी रानात कुणी नसतंच.

दुसरं. मालदांडी रब्बीची, हस्त नक्षत्राच्या ओलीवर, भारी काळ्या रानात यायची. ती खरिपात पेरली की दिवस मोठा म्हणून ताट नुसतं वर जातं, निसवायचं, म्हणजे कणीस बाहेर टाकायचं, नाव घेत नाही. त्या हंगामातली उंची लिहून करायचं काय?

बीजगणित:
पटांचेरूला, इक्रिसॅटच्या मुख्य केंद्रावर, नोंदी खरीप आणि रब्बी दोन्ही हंगामांत घेतल्या आहेत. एवढं माहीत नसताना धागा काढायची घाई कशाला? दोन हंगामांतल्या फरकावरूनच कळतं कुठला नमुना दिवसाच्या लांबीला किती ताणला जातो. आणि उपयोग विचारताय म्हणून सांगतो. तिथल्या हजारो नमुन्यांतून आधी २,२४७ चा गाभासंच (सगळ्या भांडाराची विविधता थोडक्यात दाखवणारा निवडक संच) निघाला, त्यातून २१ गुणांच्या नोंदींवर २४२ चा छोटा संच. आता खडखड्याला (ताट आतून पोखरून लोळवणाऱ्या बुरशीच्या रोगाला) तग धरणारं काही शोधायचं तर २४२ ओळी पेरल्या की भागतं. नोंदी नसत्या तर सगळं भांडार पेरायला तुम्ही आला असता का तिफण घेऊन?

तिफण:
माझं नाव निघालंच आहे तर बोलतो. हुरड्याला गुळभेंडी हे पुण्याकडच्यांचं खूळ आहे. खरा हुरडा कुचकुची वाणाचा.

चुलीपुढची:
कुचकुची लहान पोरांना बरी. आणि ते हुरडा पार्टीवाले सुरती ज्वारी म्हणून जे ताटात वाढतात त्यावर कुणीतरी बोला. शेव, गूळ, दही, लसणाची चटणी, सगळं इतकं घालतात की खाली ज्वारी आहे का मका, पत्ता लागत नाही.

तिफण:
ताई, सुरतीला नावं ठेवू नका. आमच्याकडे पाहुण्याला तीच देतात.

चुलीपुढची:
पाहुण्याला देतात म्हणजे घरचे खात नाहीत, हेच ना?

बीजगणित:
झालं? हुरड्यासाठीच म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' हा वाण दिलाय. म्हणजे हुरड्यातला दाणा कुणीतरी मोजलाच ना? मग 'कुणी नसतंच' हे कुठून आणलं?

कोरडवाहू:
मोजला, कारण तो वाण हुरड्यासाठीच निवडायचा होता! भांडारातल्या बाकीच्या नमुन्यांचा हुरडा कुणी बघितला? एसीत बसून यादी वाचली की असलं दिसत नाही.

बीजगणित:
एसी? पोटरीतून (कणसावरच्या पानाच्या वेष्टणातून) बाहेर पडणाऱ्या एकेका कणसाला, फुलोरा यायच्या आत, कागदी पिशवी चढवत उन्हात फिरलोय मी. का चढवतात ठाऊक आहे? नाहीतर शेजारच्या ओळीचा पराग बसतो. तुमच्या बांधावरची गुळभेंडी इतकी वर्षं उघड्यावर निसवतेय, चारी बाजूंना मालदांडी. ती अजून गुळभेंडीच आहे हे कशावरून? तळहातावरून?

कोरडवाहू:
हो, तळहातावरूनच. दर वर्षी कणसं निवडून बी धरतो आम्ही. तुमचा सुधारित वाण मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रात गावठी मालदांडीतून निवडूनच काढला ना?

चुलीपुढची:
भांडा तुम्ही. माझं वेगळंच आहे. सासऱ्यांनी एका केंद्राला दगडी ज्वारीचं बी दिलं होतं. पुढे नोंद बघायला मिळाली: गाव, तालुका, तारीख. रान मुरमाड की काळं, किती ओलीवर येते, कडबा जनावर आवडीने खातं की टाकतं, सगळं कोरं. ही ज्वारी आम्ही ठेवली ती हलक्या रानासाठी. भारी रानात पेरून 'उत्पन्न मध्यम' लिहिलं तर तिची बदनामीच झाली की. आणि भाकरीचं काय? तिला रकाना आहे का?

बीजगणित:
भाकरीचं सांगतो. १९८१ साली इक्रिसॅटने ज्वारीच्या दाण्याच्या प्रतीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. भाकरीचा रंग, चव, पोत, वास, टिकाऊपणा, प्रत्येकाला गुण द्यायला खाणारे बसवत. तेव्हा शास्त्रज्ञांना भाकरी कळत नाही हे पालुपद पुरे. रानाच्या माहितीचं मात्र खरं आहे. बी गोळा करतानाच ते विचारायला हवं, नंतर कुणाला विचारणार?

चुलीपुढची:
अरे वा. लिहून ठेवते, बीजगणित एकदा 'खरं आहे' म्हणाले.

कोरडवाहू:
टिकाऊपणा म्हणजे किती तास हो? आमच्याकडे सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करून खातात, तिथवर टिकली पाहिजे.

बीजगणित:
प्रत्येक घराची घड्याळं यादीत बसवायची का आता? हुरड्याचा रकाना घाला, माझी ना नाही. पण रीत लिहून द्या. निसवल्यापासून कितव्या दिवशी, किती कणसं, कच्ची की भाजून, वीस वेळा चोळायची की मन भरेपर्यंत. नाहीतर अकोल्याचा तळहात वेगळा, सोलापूरचा वेगळा, आणि आकडे कचऱ्यात.

कोरडवाहू:
देतो लिहून. फक्त 'ज्याला रकाना नाही तो गुणच नव्हे' हे वाक्य तुम्ही आधी मागे घ्या.

बीजगणित:
'अजून मोजला न गेलेला गुण' असं वाचा. याहून जास्त मिळणार नाही.

तिफण:
रीत ठरवताना कुचकुची धरा त्यात. बी हवं तर माझ्याकडे आहे, पाहिजे त्याने पोस्टेज पाठवा. सुरतीवाल्यांनी मागू नये.