जांभ्याची घनता नक्की कुठली धरायची?

चिरेखाणीजवळची बाई
रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. काल घनतेचा प्रयोग घेतला. ॲल्युमिनियमचा 2 सेंमीचा घन, वस्तुमान 21.5 ग्रॅम, उत्तर 2.69 ग्रॅम प्रति घन सेंमी. मुलं खूश. (एका गटाने पट्टीवर बाजू 2.1 वाचली, तर उत्तर थेट 2.32 वर आलं! एका मिलिमीटरची चूक तिनदा गुणली जाते, हे त्यांना तिथेच पटलं.) काळ्या दगडाचा तुकडा 58 ग्रॅमचा, मोजपात्रात पाणी 60 वरून 80 मिलीवर. म्हणजे 2.9. तेही ठीक.

मग एका मुलाने जांभ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या भोकाभोकांच्या तांबड्या दगडाचा, तुकडा आणला. त्याचे वडील चिरे (बांधकामाचे जांभ्याचे ठोकळे) काढतात. वस्तुमान 42 ग्रॅम. पाणी 19 मिली चढलं, पण बुडबुडे थांबेनात. अर्ध्या तासाने तो ओरडला, "बाई, पाणी खाली उतरतंय!" बघते तर 17. घनता 2.2 लिहायची की 2.5? मी त्याला उद्या सांगते म्हटलंय.

जुना लॅबवाला
बाई, दोन्ही आकडे अर्धवट आहेत. पाणी भोकांत शिरत होतं, तुम्ही मधेच वाचलंत. चिरा म्हणून घनता हवी तर भोकं आकारमानात धरायची. कोरड्या तुकड्याचं वजन करा, रात्रभर भिजत ठेवा, ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपा. मग डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. पाणी दगडाला वर ढकलतं, दगड पाण्याला तेवढंच खाली. म्हणून काटा दाखवेल तितके ग्रॅम म्हणजे तितके मिली आकारमान. मोजपात्रापेक्षा कितीतरी नेमकं.

सोनारकाम
दागिन्याचा कस असाच बघतो आम्ही. शुद्ध सोनं 19.3. जाड दोरा घेऊ नका, तो स्वतः पाणी पितो. गरीची बारीक तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) घ्या.

जुना लॅबवाला
तंगूस उत्तम. एक राहिलं. मोठ्या भोकांतलं पाणी उचलताना गळून जातं. तिथे मेण कामाला येतं. कोरडा तुकडा वितळलेल्या मेणात बुडवून थंड करा, परत वजन करा, मग तसाच पाण्यात बुडवून काट्यावर आकारमान घ्या. वाढलेलं वजन भागिले 0.9 म्हणजे मेणाचं आकारमान, ते त्यातून वजा करा.

चिरेखाणीजवळची बाई
आज केलं! मुलाने घरून तंगूस आणली. काळा दगड: 58.2 ग्रॅम, काट्यावर 20.1, घनता 2.90. जांभा: कोरडा 42.1, काट्यावर 21.0. घनता 2.0. फळ्यावर त्यालाच लिहायला लावलं. त्याने लगेच विचारलं, पावसात भिजलेला चिरा किती जड होतो? तोच तुकडा ओला तोलला, 46.3 भरला. सोमवारी मेण आणते.